'पाल्याचा कल' असा रकाना

आमच्या वर्गाचे किस्से एकटे येत नाहीत. एक सांगायला घेतला की मागचे रांगेत उभेच असतात. हे सगळे एकाच फॉर्ममधले आहेत. नववीला टेक्निकल घ्यायचं की साधे विषय, हे ठरवायला शाळेने तो घरी पाठवला होता. त्यात पालकांनी भरायचा रकाना होता: 'पाल्याचा कल'. मी फारशी बोलत नाही, म्हणून फॉर्म लावायचं काम जाधव बाईंनी मला दिलं. आणि मी सगळे वाचले!

कल म्हणजे काय, ते बाईंनी वर्गात समजावलं होतं. "कोणी ढकललं नाही तरी मन जिकडे जातं, तो कल."

मागून प्रशांत म्हणाला, "मग बाई, माझा घरी आहे."

त्याच्या फॉर्मवर 'कॉम्प्युटर' होतं. कॉम्प्युटर रूमच्या बाहेर चपला काढाव्या लागतात. हा तासभर दारातून आपल्या नव्या सँडलवर नजर ठेवतो.

जितूच्या वडिलांचं उल्हासनगरला कापडाचं दुकान. त्यांनी 'दुकान' लिहिलं. हा तुमचा कल झाला, असं बाई म्हणाल्या. ते म्हणाले, "मॅडम, ये तो हात न लावता कपडा ओळखतो." जितू खाली मान घालून म्हणाला, "बाईंची साडी प्युअर सिल्क नाहीये."

खरवई गावच्या गणेशच्या आजोबांनी कुणाकडून तरी 'म्हशी' लिहून घेतलं होतं. शंभरात आपली म्हैस लांबून ओळखतो म्हणे. बाईंनी खूप विचार करून शेजारी लिहिलं, 'निरीक्षण'.

माझ्या आईने लिहिलं, 'शांत'. हा स्वभाव झाला, बाई म्हणाल्या. आई म्हणाली, "मग कोरा ठेवा. ती भरेल सावकाश."

माझ्या बाकावरच्या सारिकाला टेक्निकल हवं होतं. तिच्या पप्पांनी 'शिवणकाम' लिहिलं. शनिवार फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस; तिने डबाही उघडला नाही. बाईंनी पप्पांना बोलावलं. ते आनंदनगरच्या कंपनीतून ड्युटीच्या कपड्यांतच आले.

मुलीला वर्कशॉप कशाला, म्हणाले. शिवणकामासाठी घरी जुनी मशीनसुद्धा आणलीय.

"मग शिवते का?" बाईंनी विचारलं.

"कुठलं? आठ दिवसांत सगळी खोलून ठेवली."

"बिघडली?"

पप्पांनी टेबलावरचा फॉर्म पुढे ओढला.

"नाही. परत जोडली. आता पूर्वीसारखी खडखड करत नाही," ते म्हणाले. "बाई, जरा पेन द्या."