बोहनीच्या आधी

सेलूच्या बाजारात शेजारच्या भांडेवाल्याने दुकान गहाण ठेवून बँकेचं कर्ज काढलं, तेव्हा माझे बाबा त्याला जामीन राहिले. हप्ते थकले आणि नोटीस बाबांनाही आली. मी चिडून वर्ध्याच्या वकिलाकडे गेलो. म्हटलं, बँकेने आधी त्याचं दुकान विकावं. वकील म्हणाले, बँक थेट जामीनदारालाही धरू शकते. मात्र सगळं कर्ज तुम्ही फेडलंत, तर गहाणावरचा बँकेचा हक्क तुमच्याकडे येतो.

बाबांनी प्लॉट विकून कर्ज फेडलं. ते दुकान लिलावात काढायला आता फक्त कोर्टात जायचं होतं. एवढा मोठा हक्क हाती असलेला माणूस रोज सकाळी त्याच भांडेवाल्याकडे चहाला जायचा, आणि पहिली विक्री झाली की उठून यायचा. माझा जळफळाट व्हायचा.

"बाबा, तुम्ही सकाळीच काऊन जाता?"

"बोहनी व्हायच्या आधी बाजारात कोणी उधारी मागत नाई," बाबा म्हणाले. "त्याले हे माहीत आहे. तेवढा वेळ तो माह्याकडे पाहून बोलते."