अर्ध्यावरचा झेंडा

कोपनहेगनमधल्या दीपगृहांच्या दिव्यांच्या संग्रहालयात मी पर्यटकांना हिंडवतो. चाळीस मिनिटांत एकोणीस दिवे. आत शिरण्याआधी सगळे अंगणातल्या झेंड्याचा फोटो काढतात आणि बाहेर पडल्यावर बहुतेकांना तेवढाच आठवतो. तो झेंडा चढवणारा वर्नर टॉफ्टे, आमच्या इमारतीची देखभाल करणारा. त्याचा फोटो कुणी काढत नाही. मध्ये आला तर लोक हातानंच बाजूला हो म्हणतात. तो होतोही.

त्याची बायको बोडिल एकतीस वर्षं आमच्याच दाराशी येणाऱ्यांचे कोट सांभाळायची. मार्चअखेर निवृत्त झाली, आठ जूनला गेली. दफन पंधराला ठरलं. पंधरा जून हा डेन्मार्कच्या झेंड्याचाच सण. भर लढाईत तो म्हणे आभाळातून पडला होता. त्या दिवशी शहरभर झेंडे असतात, वरपर्यंत चढवलेले.

संग्रहालयातलं कुणी गेलं की दफन होईपर्यंत आमचा झेंडा अर्ध्यावर असतो, सण असो नसो. वर्नरला बोडिलसाठी एवढंच हवं होतं. पण नियमात 'सेवेत असलेल्यांसाठी' असे शब्द होते, आणि ते बारा वर्षांपूर्वी खुद्द वर्नरनंच घालून घेतले होते. एका निवृत्त कारकुनासाठी झेंडा खाली आणावा, अशी त्याच्या मुलीची विनंती होती. "कुठेतरी रेघ मारायलाच हवी," असं वर्नर सभेत म्हणाला होता. सभेनं माना डोलावल्या. आमच्याकडे मान डोलावण्याहून मोठा गौरव नाही.

जेवणाच्या सुट्टीत संचालक मेरेटे आमच्या टेबलाशी आली.

"वर्नर, मी परवानगी देते. एक सही, झालं."

"म्हणजे अपवाद?"

"हो, अपवाद. काय बिघडलं?"

"त्या कारकुनाच्या मुलीला मी काय म्हणालो होतो, ठाऊक आहे? म्हटलं, बाई, तुझे वडील दोन महिने आधी गेले असते तर जमलं असतं."

मेरेटेनं हातातला हेरिंग माशाचा पाव ताटलीत ठेवला.

"तू मूर्ख आहेस, वर्नर," मी म्हणालो.

"बोडिलही हेच म्हणायची. न्याहारीच्या वेळी."

पंधराला सकाळी आठ वाजता त्यानं झेंडा वरपर्यंत चढवला, गाठ मारली आणि काळा टाय सरळ करत तो चर्चकडे निघाला. तिथे आम्ही नऊजण होतो.

संध्याकाळी सहाला, संग्रहालय बंद होताना, झेंडा उतरवायला तो त्याच सुटात परत आला. माझा शेवटचा गट तेव्हा बाहेर पडत होता. वर्नरनं दोर सोडला, झेंडा अर्ध्यावर आणला आणि तिथेच थांबला. दोर बांधला नाही, दोन्ही हातांत धरून ठेवला.

गटातल्या एका म्हाताऱ्या डॅनिश बाईनं विचारलं, "अडकला का हो?"

"नाही."

"मग?"

"उतरवतोय."

बाईनं त्याचा सूट पाहिला आणि डोक्यावरची टोपी काढली. मेरेटे कुलूप लावायला आली होती. तिनं किल्ल्या खिशात टाकल्या आणि पायरीवरच उभी राहिली.

"उतरवायला किती वेळ घ्यावा, ते नियमात नाही," वर्नर मला हळूच म्हणाला. "पण अर्ध्यावर असतो तो दफनाआधी. आता ती मातीत गेली. आता याला काय अर्थ?"

मला एकोणीस दिव्यांची माहिती पाठ आहे, ही नव्हती.

वीस मिनिटं झाली. मी दोराकडे हात नेला.

"दे, मी धरतो."

"नको."

मग त्यानं दोर सैल केला. झेंडा जमिनीला लागता कामा नये आणि त्याची घडी एकट्यानं होत नाही, म्हणून मी पुढे होऊन दुसरं टोक पकडलं.

"तिथे नको," तो म्हणाला. "बोडिल भिंतीच्या बाजूला उभी राहायची."

मी भिंतीच्या बाजूला गेलो.