मुलीचं नाव कुणाच्या पासपोर्टवर

हे लिहायचं मी वीसहून अधिक वर्षं टाळत आलो. दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा उठून गॅलरीतल्या झाडांना पाणी घालत बसलो. आजही खुर्चीत स्वस्थ बसवत नाही. पण कुवेतमधल्या आमच्या जुन्या मंडळींत एका बाईंविषयी एक गोष्ट अजून सांगितली जाते, आणि ती खोटी आहे. खोटी आहे हे दोघांनाच ठाऊक आहे. त्यांतला एक मी.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. कुवेतच्या सलवा भागातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत मी कागदपत्रांचं काम बघायचो. त्या भागात इंग्रज कुटुंबं पुष्कळ, त्यामुळे निम्मं गिऱ्हाईक गोरं. कोणत्या देशाच्या माणसाला कुठे जायला काय लागतं, हे सांगणं माझ्याकडे. दर महिन्याला एक जाड पुस्तक यायचं, त्यात सगळ्या देशांचे नियम बारीक अक्षरांत छापलेले असत. तिकीट गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी मी कागद तपासायचे आणि पाकिटाच्या कोपऱ्यावर सही करायची, अशी पद्धत होती.

आपल्या माणसाचा पासपोर्ट आला की मी पानन् पान उलटून बघायचो. मुदत, अकाम्याचा म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याचा शिक्का, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग. लांबच्या जहऱ्याहून टॅक्सी करून आलेल्या ड्रायव्हरला मी एका पुसट शिक्क्यासाठी परत पाठवलेलं आहे. इंग्रजांचा पासपोर्ट मात्र मी मागतच नसे. पहिल्या पानाची झेरॉक्स फाइलमध्ये असायची, तेवढ्यावर भागवायचो. साहेबाकडे कागद मागणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, असं मला वाटायचं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तरी अंगात होतं.

तिकिटं काढायला एक बाई होत्या, रत्नागिरीकडच्या. नवरा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला, दोन मुली शाळेत, सगळं सासूच्या हवाली करून आलेल्या. जाब्रियात आतेबहीण नर्स होती, तिच्याकडे राहायच्या. ही नोकरी त्यांना मीच लावून दिली होती. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, तरी मी त्यांना ताई म्हणायचो आणि त्या मला भाऊ.

ईदच्या सुट्टीआधीची गर्दी होती. एका मोठ्या कंपनीतल्या इंग्रज इंजिनियरचं कुटुंब सायप्रसला जाणार होतं. नवरा, बायको, बारा वर्षांची मुलगी. त्या कंपनीची सगळी तिकिटं आमच्याकडून जात. तिघांचं सगळं तयार असताना इंजिनियरच्या बायकोचा फोन आला. नवऱ्याला कामासाठी आधी लंडनला जावं लागतंय, तो तिकडून परस्पर सायप्रसला येईल. त्याचं तिकीट बदला, आम्हा दोघींचं तसंच राहू दे.

ताईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, मुलीचं नाव कुणाच्या पासपोर्टवर आहे?"

तेव्हा लहान मुलांना वेगळा पासपोर्ट बहुधा नसायचा. आपल्याकडे काय किंवा इंग्रजांकडे काय, आईच्या नाहीतर बापाच्या पासपोर्टात मुलाचं नाव लिहिलेलं असायचं, आणि ज्याच्या पासपोर्टात नाव त्याच्याबरोबरच मुलाने प्रवास करायचा.

"कुणाच्या का असेना," मी म्हणालो.

"असं कसं? बापाच्या असलं तर बाप पासपोर्ट घेऊन लंडनला जाणार. पोरगी जाणार कशावर?"

"अहो ताई, इंग्रज आहेत ते. समुद्रात डुंबायला चाललेत. त्यांना व्हिसा नाही, काही नाही. तुम्ही उगाच त्यांना आपल्या लोकांच्या रांगेत उभं करू नका."

"तुम्ही ना भाऊ, गोरा दिसला की चष्मा काढून ठेवता." त्या हसल्या. "थांबा, मी फोन करून विचारते."

"नका करू. बाई चिडेल. मी बघतो."

त्यांनी फाइलच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने मराठीत लिहिलं : 'मुलीचं नाव कुणाच्या पासपोर्टवर? भाऊ बघतो म्हणाले.' मी ते लिहिताना पाहिलं. बघायचं मात्र राहून गेलं. राहून गेलं असंही नाही, मी बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी आमचा ड्रायव्हर पाकिटं पोचवायला निघाला तेव्हा ताईंनी विचारलं, "भाऊ, सही?" मी फोनवर होतो. हातानेच खूण केली, द्या पाठवून.

विमानतळावर मायलेकींना काउंटरवरच अडवलं. मुलीचं नाव बापाच्या पासपोर्टात होतं, तिचा अकामाही त्यातच, आणि तो पासपोर्ट लंडनमध्ये. आईने आमच्या ऑफिसात फोन केला. मी घेतला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, की तुम्ही मला विचारायला हवं होतं. मागे मुलगी रडत होती, ते ऐकू येत होतं.

सुट्टी संपल्यावर कंपनीने आमच्याशी व्यवहार तोडला. मॅनेजर केरळचे. त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर ती फाइल होती.

"बिना साइन के लिफाफा कैसे गया?"

ताई म्हणाल्या, "सर, मैंने फाइल में लिखा था. देखिए ना."

मॅनेजरनी फाइल उघडली. मराठी वाचता येईना. फाइल माझ्याकडे सरकवली. "क्या लिखा है? पढ़ो."

माझी दोन मुलं तिथल्या शाळेत होती. मोठा दहावीला. नोकरी गेली की अकामा गेला, अकामा गेला की देश सोडायचा, हे मी रोज दुसऱ्यांना समजावून सांगायचो. मी ती ओळ वाचली. चष्मा होता डोळ्यांवर.

"लिखा है, मॅडम को फोन करके पूछना है," मी म्हणालो.

म्हणजे ताईंना शंका आली होती, फोन करायचा होता, तो त्या विसरल्या आणि पाकीट सहीविना त्यांनीच पाठवून दिलं, असा अर्थ झाला. मॅनेजरनी मान हलवली. ताई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. हिंदी त्यांना माझ्याइतकंच येत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइलकडे बघत राहिलो. मग मॅनेजरनी त्यांना विचारलं, "कुछ बोलना है?"

"नहीं, सर."

का गप्प राहिल्या, मला अजून कळलेलं नाही. नोकरी मी लावली म्हणून? माझ्या मुलांसाठी? की माझ्यासारख्या माणसाशी वाद घालण्याचाच कंटाळा आला? या प्रश्नाने मला जितकं हैराण केलंय तितकं त्यांच्या आरडाओरड्याने केलं नसतं.

ताईंची नोकरी गेली आणि महिन्याभरात त्यांचा अकामा रद्द झाला. दुसऱ्या एजन्सीने घेतलं नाही. हा धंदा छोटा, बातमी आधी पोचते. विमानतळावर सोडायला गाडी माझीच होती. मीच म्हणालो होतो, मी सोडतो. आतेबहीण मागे बसली होती. जाब्रियापासून विमानतळापर्यंत मी पेट्रोल, ट्रॅफिक, मुंबईतला उकाडा असं काहीबाही बोलत राहिलो. ताई एकदाच बोलल्या, "भाऊ, एसी जरा कमी करा." उतरताना त्यांनी माझ्या मुलांसाठी खजुराचा डबा दिला. मी घेतला. माझ्या हातांना तो घ्यायला काही वाटलं नाही.

पुढे नियम बदलले, प्रत्येक मुलाला स्वतंत्र पासपोर्ट आला. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी तो विषय काढला आणि म्हणालं, "आता बरं झालं. नाहीतर आपल्या त्या बाई! इंग्रजाच्या पोरीला पार विमानतळावरून परत आणलं होतं!" सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर बायकोने विचारलं, काय झालंय? म्हटलं, जेवण जड झालं.

दोन हजारच्या दशकात, निवृत्तीच्या आधी, आतेबहिणीकडून नंबर घेऊन मी रत्नागिरीला फोन लावला. आकडे फिरवून तीन वेळा ठेवला. चौथ्यांदा त्यांनीच उचलला.

"कोण? भाऊ? अगोबाई! अजून तिथंच काय? केस राहिलेत का सगळे?"

नवरा गेला होता. मोठीचं लग्न झालं होतं. मुलींचं शिक्षण त्यांनी शाळेच्या ऑफिसात कारकुनी करून केलं. धाकटी हुशार होती, तिला मुंबईला पाठवायचं होतं, ते जमलं नाही. हे त्यांनी पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगितलं.

"ताई, मला तुम्हाला एक सांगायचं होतं," मी म्हणालो. "त्या फाइलचं."

त्या म्हणाल्या, "सोडा हो भाऊ. वहिनी कशा आहेत?"

आणि मी सांगितलं, वहिनी बऱ्या आहेत. त्यांनी मला सोडवलं नव्हतं, फक्त दार थोडं पुढे लोटलं होतं. मी ते ढकलून आत जायला हवं होतं. त्याऐवजी मी बायकोच्या गुडघ्यांविषयी पाच मिनिटं बोललो, आणि ठेवतो म्हणालो.

नंतर तो नंबर बंद झाला. आतेबहीण आयर्लंडला गेली. मी विचारत राहिलो, असं म्हणायला आवडलं असतं, पण एकदोनदा विचारलं आणि थांबलो.

त्या दिवशी फोनवर जे जिभेवर होतं ते एवढंच होतं : ताई, तुम्ही काय लिहिलं होतं ते मी नीट वाचलं होतं. मी खोटं सांगितलं. चूक माझी होती, शिक्षा तुम्ही आणि तुमच्या मुलींनी भोगली. मला माफ करा.