आरटीवरचे तीन तास

पालेगावात आवई अशी उठली, की शालनमावशीनं उन्मेषच्या डोक्यात पाना घातला आणि त्याला चार टाके पडले. साफ खोटं, मी शेजारी, समोरच उभा होतो. पाना होता तिथेच होता. मावशी फक्त मोटरसायकलवर चढून बसली आणि उतरली नाही.

मावशी मूळची चामटोलीची. आनंदनगरच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं माल तपासायला होती. केसाएवढा फरक दिसला की नट बाजूला! आता घरामागच्या शेडमध्ये जुन्या गाड्या दुरुस्त करते. बदलापूरच्या उन्मेषनं तिच्याकडे आपल्या दोन जुन्या बीएमडब्ल्यू मोटरसायकली ठेवल्या होत्या, आर-हंड्रेड आरएस आणि आर-हंड्रेड आरटी. इंजिन दोघींचं सारखंच. पण आरएस अंगानं सडपातळ, चालवायची ती पुढे झुकून. आरटीचं पुढचं कवच रुंद, हँडल उंच, बसायचं ताठ. दोघींच्या टाकीवर जर्मन रंगाऱ्यानं हातानं ओढलेली बारीक रेघ. संग्राहक जीव टाकतात तो त्या रेघेवर.

अंबरनाथचे दिनानाथसाहेब दोघींतली एक घेणार होते. मावशीनं त्यांना फोनवर सांगून टाकलं होतं, "दोनीचा रंग मूळचाच हाय. शब्द माजा."

मग ती दोन दिवस माहेरी लग्नाला गेली. तेवढ्यात उन्मेषनं आरएस उल्हासनगरला नेऊन रंगवून आणली. रेघेच्या जागी स्टिकर! मावशी परतली तेव्हा दारात टेम्पो, आणि उन्मेष आरटी ढकलत बाहेर काढतोय.

"मावशी, टेन्शन नको ना घेऊ यार! साहेबांना आज आरएस दाखवू, हिला पण शोरूम पीस करून आणतो. कलेक्शनवाल्यांना चकाचक मंगता है!"

"तुजं थोबाड कर चकाचक! रेघ जाईल म्हणून आठ महिने त्या टाकीवर फडका दाबला नाय मी. एकीचं वाटोळं केलंस, आता हिला हात लावून दाखव!"

आणि ती आरटीवर चढली. दुपारचा एक वाजला होता, साहेब चारला यायचे होते. उन्मेषनं विनवलं, आरडाओरडा केला, उल्हासनगरच्या रंगाऱ्याला फोनवर "साईं, बस दो मिनिट" असं नऊ वेळा सांगितलं. मावशी ढिम्म. शेवटी टेम्पोवालाच शिव्या देत निघून गेला.

चारला साहेब आले. आरएसच्या टाकीवर नख फिरवून म्हणाले, "अहो, हे तर स्टिकर!"

"हिच्यापुरता माजा शब्द खोटा पडला, साहेब," मावशी दात-ओठ खात म्हणाली. "ह्या शहाण्यानं पाडला."

साहेबांनी खिशातून भिंग काढलं. आरटीच्या रेघेत एका वळणावर कुंचला जरासा थरथरलेला दिसत होता. "हीच घेणार," ते म्हणाले. "शालनताई, उतरा आता."

"आदी ह्याच्याकडून चावी घ्या. मग उतरते."

मी मात्र फुकट मेलो. एक वाजताच तिच्याशी पैज मारली होती, की अर्ध्या तासात मनगटं भरून येतील आणि तू खाली येशील. आरएसवर बसली असती तर जिंकलोही असतो. आरटीवर ती पाटावर जेवायला बसावं तशी तीन तास बसली. हरलो तर महिनाभर तिची नक्कल करायची नाही, तिचा आवाज काढायचा नाही, असं ठरलं होतं. आज पाचवाच दिवस आहे, आणि तिच्याच आवाजात हे सगळं तुम्हाला सांगून बसलो.