नवसागराचा धूर

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी, नांदेडला अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतो... तेव्हा हसायचं तर हसा.

मूळ गाव लोह्याजवळ. दादा — वडिलांचे वडील — भांड्यांना कल्हई करायचे. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. रझाकारांच्या जुलमाचा सूड मग ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांच्यावरही निघाला. एके दिवशी बंदुकवाले आले. "छावणीतली भांडी हायेत, चला." दादांनी स्वतःच भाता खांद्यावर टाकला, नवसागराची पुडी घेतली न् गेले. परत आलेच नाहीत.

वडील तेव्हा पोटात होते. दादीनं नांदेडात लोकांची धुणीभांडी करून दोन लेकरं वाढवली. पण मयत कुणी पाहिली नाही म्हणून दादांची फातिहा, मेलेल्यासाठीची प्रार्थना, तिनं कधी होऊ दिली नाही. मरेपर्यंत गळ्यातली काळी पोत उतरवली नाही.

ती पोत आता फुप्पूच्या बटव्यात असते. फुप्पू म्हणजे वडिलांची मोठी बहीण. डोळे गेलेत. मागच्या हिवाळ्यात हट्टच धरला — "मरने के पहले गाँव लेके चल."

भर दुपारी गावाबाहेर एका शेताकडेला गाडी थांबवली. उतरताच तिनं माझा हात घट्ट धरला.

"नवसागर जल रा."

"फुप्पू, आता घरोघरी स्टील. कल्हईवाला कुठून येणार?"

"तेरी नाक कॉलेज की, मेरी कल्हईवाले की."

आणि मग मलाही आला... तापल्या भांड्यावर नवसागर पडला की उठतो तो, नाकात झोंबणारा वास. धूर मात्र कुठंच नाही. फुप्पू मला ओढत शेतात शिरली आणि एका पडीक तुकड्यावर थांबली. वास तिथं सगळ्यात दाट होता.

"ओ सर, तिथं नका थांबू!" शेतमालक म्हातारबा काठी टेकत आले. "बुजविलेली हीर हाय. माझ्या बापानं बुजविली. आम्ही तिथं औत न्हाई घालीत."

"का?"

फुप्पू पुन्हा "नवसागर" पुटपुटली, तसे ते तिच्याकडं वळले.

"माय... तू कल्हईवाल्याची का? बाप रडून सांगायचा, मानूस आत हाय. त्याचा भाता बी."

फुप्पू खाली बसली. मातीवरून हात फिरवत म्हणाली, "अब्बा, तुम तो यहींच थे... अम्मा सारी उमर रस्ता देखी."

त्याच क्षणी वास गेला.

इतक्या वर्षांनी तो आला कुठून? लई डोकं खाजवलं. रोज फळ्यावर रसायनं लिहिणारा मी!

म्हातारबांनी स्वतःच्या हातानं खड्डा केला, फुप्पूनं दादीची पोत त्यात ठेवली. पुढच्या जुमेरातीला, गुरुवारी, तिथंच, त्या तुकड्यावर, माझ्या दादांची फातिहा झाली.