हार्मोनमामा

जगातल्या प्रत्येक घोटाळ्यावर आमच्या मामांचं एकच निदान होतं: हार्मोन. शेजाऱ्याचा मुलगा अचानक उंच झाला, हार्मोन. सून सासूला उलटून बोलली, हार्मोन. ग्रामपंचायतीत सत्ता पालटली, तेही हार्मोनच. तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांना हा शब्द नवा नाही. मणी फुगावा, घड लांबावा म्हणून तिथे घड हार्मोनच्या पाण्यात बुडवतात. मामाही त्यांतलेच; त्यांनी फक्त अख्खी मानवजात त्या पाण्यातून बुडवून काढली होती. गाव त्यांना हार्मोनमामा म्हणायचं आणि ते याला पदवी समजायचे.

धाकट्या मुलीला बघायला उंब्रजचं स्थळ आलं. मुलगा लष्करात, स्वभावाने गरीब, उंचीने बेताचा. मामांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि भर बैठकीत म्हणाले, "मणी बारीक हाय, पर गोडी चांगली दिसती." मामींनी पोह्यांची बशी जरा आपटूनच ठेवली. तरीही लग्न ठरलं, ही त्या मुलाची थोरवी. मामा मात्र पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिले, "माझी पारख म्हणून जमलं."

मी सांगलीत स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर संशोधन करते. रक्तदाब वाढवणारं एक हार्मोन त्या गाठीत चिवट तंतू वाढवतं, रक्तवाहिन्या आवळून टाकतं, आणि मग शिरेतून दिलेलं औषध गाठीच्या आत पोचतच नाही. ते हार्मोन रोखलं तर वाहिन्या मोकळ्या होतात का, एवढंच मी बघते. हे मी मामांना सांगायला नको होतं. दुसऱ्याच दिवशी पारावर जाहीर झालं की भाचीनं कॅन्सरचं हार्मोन धरलं. वर मला सल्ला मिळाला, "तुझ्या सरास्नी सांग, परमान चुकलं की मणी तडकतो." सरांना मी काही सांगितलं नाही. त्यांच्याकडे स्वतःचे निरुपयोगी सल्ले भरपूर होते.

मग मामांचं वजन उतरायला लागलं, पाठ दुखायला लागली, डोळे पिवळे झाले. निदान तयारच होतं: "मणी पिवळा पडला म्हंजी साखर भरली." साखर खरंच भरली होती, रक्तात. मामींनी त्यांना अक्षरशः ओढत सांगलीला आणलं. गाठ स्वादुपिंडात निघाली, आणि शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेली. अंगात इतके अवयव असताना गाठीने नेमका भाचीचा विषय निवडला, याचा मामांना केवढा अभिमान! "बघ, तुला घरचंच गिऱ्हाईक मिळालं," म्हणाले. मला हसता आलं नाही.

तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढला, तेव्हा "माझा तुकडा तूच बघायचा," असा हट्ट त्यांनी थेट सरांकडे धरला. मामांपुढे सरांचं काय चालणार? मी बघितला. तंतूंच्या दाटीत रक्तवाहिन्या पार चिमटून गेल्या होत्या, पुस्तकात छापाव्यात इतक्या नमुनेदार. त्या दिवशी मी जेवले नाही.

केमो सुरू झाली. नातेवाइकांनी आपापली केमो वेगळी आणली: कुणी गुळवेलीचा काढा, कुणी अंगारा, कुणी कावीळ उतरवायची माळ. मामांचा मुलगा म्हणायचा, फरक आहे. डॉक्टर म्हणायचे, बघू या. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ उलट वाढलेली दिसली. मामांनी मामींना चहा आणायला पाठवलं आणि मला जवळ बसवलं.

"खरं सांग. औषध आत पोचतंय का?"

"नाही पोचत, मामा."

"आन तुझं ते वाहिन्या उघडायचं?"

"ते अजून उंदरांवरच चाललंय."

"म्हंजी माझ्या हंगामाला काय ते येत न्हाई." सलाईनच्या थेंबांकडे ते जरा वेळ बघत राहिले. हार्मोनला एक शिवीसुद्धा घातली नाही. "मग पानी दुसऱ्या रानाला सोडा की गं. हितं वाया चाललंय. मला घरी न्या."

घरी नेलं. बागेची छाटणी त्यांनी खाटेवरून गड्यांना शिव्या देत करून घेतली. घड भरले तेव्हा ते नव्हते. त्यांच्या सल्ल्यांना मी इतकी वैतागायची, आणि आता एखादा प्रयोग फसला की वाटतं, कुणीतरी प्रमाण चुकलं म्हणून सांगायला हवं होतं. मामांची फार आठवण येते.

परवा पहिल्यांदाच सूक्ष्मदर्शकाखालच्या एका काचेवर मोकळी झालेली रक्तवाहिनी दिसली. औषध थेट गाठीत उतरलं होतं. सरांना सांगायच्या आधी माझ्या बोटांनी मामांचा नंबर लावला. फोन मामींनी उचलला.

"मामी, औषध पोचलं."

"कुनाला गं?"

"उंदराला."



"बरं हाय बाई उंदराचं," म्हणाल्या. "थांब, ह्यास्नी सांगते."