खेळासाठी मागितलेला कौल

मी देवभोळा माणूस नाही, हे आधीच सांगतो. घरांची अंदाजपत्रके करून देणे हा माझा व्यवसाय. रत्नागिरीत किंवा आसपास कुणाला घर बांधायचे असले की चिरे किती लागतील, वाळू किती, सळई किती, हे मी काढून देतो आणि माझा आकडा सहसा चुकत नाही. त्यामुळे जे मोजता येत नाही त्याच्यावर विसंबायची सवय मला नव्हती. देवळात जायचो ते पत्नी सुलभा बरोबर असली की. हात जोडलेले असायचे आणि मनात पुढच्या कामाचा हिशोब चालू असायचा. अशा माणसाने ग्रामदेवीकडे कौल मागायला जावे, आणि तोही असला प्रश्न घेऊन, याचे मला अजून नवल वाटते.

संकट फोनवरच्या रमीचे होते. पैसे लावून खेळायची रमी. सुरुवात अगदी शिस्तीत केली. खेळाखाली बारीक अक्षरांत लिहिलेले असायचे की याची सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा. मी ते वाचले आणि ते इतरांसाठी आहे असे समजलो. जबाबदारी म्हणजे मर्यादा, आणि मर्यादा घालण्यात माझा हात कोण धरणार? अ‍ॅपमध्ये महिन्याची मर्यादा घालायची सोय होती, ती मी लगेच घातली. काही महिने ती संपली की थांबलोही. मग एकदा अर्धा महिना बाकी असतानाच मर्यादा संपली आणि मी दुसरे अ‍ॅप घेतले. त्यालाही मर्यादा घातली. मग तिसरे घेतले. प्रत्येक अ‍ॅपची मर्यादा मी काटेकोर पाळत होतो. अ‍ॅप तेवढी वाढत होती. दुपारी कामावर जातो म्हणून निघायचो आणि भाट्याच्या पुलापलीकडे सुरूच्या बनात स्कूटर लावून खेळत बसायचो. बाजूला लोक समुद्र बघायला आलेले असायचे.

बचत खात्यात काही उरले नाही, तेव्हा माझी नजर मुलीच्या ठेवीवर गेली. ती कोल्हापूरला नर्सिंग शिकते. तिच्या पुढच्या सगळ्या फीसाठी ती ठेव होती. एक मोठी स्पर्धा खेळलो तर गेलेले सगळे परत येईल, असे गणित मी मांडले होते. पण ठेव आम्हा दोघांच्या नावावर होती आणि सुलभाची सही लागणार होती. मी तिला म्हणालो, नव्या धंद्यात थोडे घालायचे आहेत. ती म्हणाली, "लेकीची ठेव आहे. देवीला विचारल्याशिवाय मी सही करायची नाही."

आमचे मूळ गाव लांज्याच्या पुढे, आतल्या अंगाला. गावात कुठलेही मोठे काम काढायचे तर आधी देवीचा कौल घेतात. गुरव ओल्या पाकळ्या देवीच्या पाषाणाला उजव्या-डाव्या अंगाला चिकटवतात आणि गाऱ्हाणे घालतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी मनात म्हटले, निम्मी शक्यता आहे, रमीपेक्षा बरी. खरे सांगायचे तर मला तेव्हा कुणीतरी 'हो' म्हणायला हवे होते. स्वतःचे 'हो' पुरेनासे झाले होते.

सकाळी पोचलो तेव्हा देवळात चार-पाच जण होते. त्यांत माझा चुलतभाऊ वसंता होता, आणि खांबाला टेकून बसलेले एक अनोळखी गृहस्थ. गुरवकाकांनी पाकळ्या लावल्या आणि आवाज चढवला. "बाय माउली, तुझा लेकरू नव्या धंद्यात पैसं घालतंय. त्याचा बरा होनार असला तर उजवा दे."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

पाकळी हलेना. उजवी नाही, डावीही नाही. आम्ही थांबलो. वसंता म्हणाला, "देवीपण अंदाजपत्रक काढत बसली वाटतं!" लोक हसले. गुरवकाकांनी पुन्हा गाऱ्हाणे घातले. तरी काही नाही. मग ते माझ्याकडे वळले.

"धंदा कसला, ता बोलला नायस. अर्धवट गाऱ्हान्याला कौल कसा येल?"

"ऑनलाइन आहे, काका."

"असंल. इकतंस काय?"

"विकत काही नाही."

"मग इकत घेतंस काय?"

"तेही नाही."

"आनि पैसं घालतंस? मग ते जातात कुठं?"

वसंता मोठ्याने हसला. सुलभा हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता, भीती होती. ती भीती मी तिला दिली होती. कुठून बळ आले मला माहीत नाही, पण मी सगळ्यांसमोर बोललो. "फोनवर रमी खेळतो. पैसे लावून. साठलेले सगळे गेले. ते परत मिळवायला पोरीच्या ठेवीवर खेळायचं होतं. त्याचा कौल मागायला आलो."

मला वाटले, आता गुरवकाका बाहेर काढतील. त्यांनी पंच्याला हात पुसला आणि म्हणाले, "आता गाऱ्हाना पुरा झाला." मग देवीकडे तोंड करून, आजारी गाईसाठी किंवा अडलेल्या लग्नासाठी घालतात त्याच सुरात त्यांनी सांगितले, "बाय माउली, तुझा लेकरू फोनवर पत्तं खेळतंय. त्याला डावावरनं उठता येत नाय. त्याला उठव आनि वाटंला लाव."

"व्हय म्हाराजा." या वेळी सुलभाचा आवाज मला वेगळा ऐकू आला. मी वर पाहिले तेव्हा डावी पाकळी खाली पडलेली होती, म्हणजे खेळाला नकार. ती कधी पडली हे कुणी पाहिले नव्हते.

बाहेर पायरीवर बसलो, तर खांबाजवळचे ते गृहस्थ शेजारी येऊन बसले. ते राजापूरचे. त्यांची एसटी आमच्या फाट्यावर बंद पडली होती, म्हणून सावलीला देवळात आले होते. म्हणाले, "माझा धाकटा भाऊ ह्यातूनच गेलाय. हा आजार आहे, ह्याला उपचार असतात. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात समुपदेशक बसतात, तिथे जा." मग सुलभाला म्हणाले, "वहिनी, रागवा हवं तेवढं. पण पैशांचे व्यवहार तुमच्याकडे घ्या, आणि नातेवाइकांना सांगा की ह्यांना उसने देऊ नका." त्यांनी भावाला फोन लावून माझ्या हातात दिला. भाऊ म्हणाला, "पहिल्या दिवशी मी दारातून परत आलो होतो. तुम्ही वहिनींना घेऊनच जा, म्हणजे पळता येणार नाही." तेवढ्यात फाट्यावरून हॉर्न ऐकू आला आणि ते गृहस्थ पिशवी सांभाळत पळाले. त्यांचे नाव विचारायचे राहून गेले.

परतताना लांज्याला चहाला थांबलो. सुलभाने चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "मला आधी सांगितलं असतंत तर काय केलं असतं मी? ओरडले असते. तेवढंच ना?"

मी म्हणालो, "हो."

"मग ते आता करते," ती म्हणाली, आणि तिने ते चोख केले. हॉटेलवाला दोनदा डोकावून गेला.

त्याच आठवड्यात आम्ही रुग्णालयात गेलो. समुपदेशक बाईंनी माझ्या मर्यादांची सगळी हकिकत शांतपणे ऐकली. म्हणाल्या, करमणुकीसाठी खेळणारा हरला तर उठतो. तुम्ही हरलेले परत आणायला बसत होता, आणि लपवत होता. तिथेच ओळखायचे असते. सगळी खाती कायमची बंद केली. बँकेचे व्यवहार सुलभाकडे गेले. पुढे सरकारनेही असे पैशांचे खेळ बंद केले, तरी कुठून कुठून लिंक येत राहतात. एकदा एक उघडली. पैसे लावण्याआधीच बाईंना फोन केला. त्या रागावल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी या म्हणाल्या.

घरी आता एक रीत पडली आहे. हात शिवशिवले की मी मोठ्याने सांगतो, "आज खेळावंसं वाटतंय." सुलभा म्हणते, "बरं झालं बोललात. या, कोकमासाठी रातांबे फोडायचे आहेत." सध्या रातांब्यांचा हंगाम आहे; रसाने बोटे लाल आणि चिकट होतात, फोन हातात धरता येत नाही, आणि ती वेळ निघून जाते. बचत पुन्हा शून्यापासून भरतो आहे. मुलीला सगळे सांगितले. ती दोन दिवस बोलली नाही, आणि मग रोज फोन करू लागली. तिची फी ठेवीतूनच भरली जाते.

पाकळी ओली होती, सुकली आणि पडली, असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. मला एवढेच कळते की मी आयुष्यभर सगळे स्वतःच्या ताब्यात आहे असे मानले, आणि ज्या दिवशी ताबा नाही हे देवीपुढे उघड बोललो, त्या दिवसापासून मला माणसे मिळत गेली. शरण जाणे म्हणजे हात टेकणे, असे मला वाटायचे. ते हात पुढे करणे असते. एकट्याने पेलायचे नसते, हे कळल्यावर फार हलके वाटते.

परवा आम्ही देवीची ओटी भरायला गेलो होतो. मला बघून गुरवकाकांनी पाकळ्या भिजवायला घेतल्या. "काय इचारायचा हाय?"

"काही नाही, काका."

"मग आलास कशाला एवढ्या लांब?"

"असाच. जरा बसायला."

"मग बस," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्यासाठी चटई सरकवली. सुलभा ओटी भरत होती. मी बसलो, आणि बराच वेळ मनात एकही आकडा आला नाही.